क्यूच्या टोकावरची टिकली

फलकनुमा राजवाड्यातली बिलियर्डची खोली हैदराबादकरांना ठाऊक आहे. पाहणाऱ्याची नजर भव्य टेबलावर खिळते. क्यूच्या टोकावरची चामड्याची टिकली कोणी पाहत नाही. खेळ बदलला तो मात्र तिनेच.

पूर्वी क्यूचे नुसते लाकडी टोक चेंडूवरून घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे चामडे बसवण्याचे श्रेय फ्रान्स्वा मेंगो या फ्रेंच कॅप्टनला देतात. त्यामुळे चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली.

पण मार खाऊन चामडे दबते, गुळगुळीत होते, खडू धरत नाही आणि ऐन वेळी फटका फसतो. म्हणून खेळाडू जवळ छोटी कानस बाळगतो. खोलगट, खरखरीत अशा या कानशीने घासले, की टिकलीला घुमटासारखी गोलाई येते, चामडे पुन्हा खडू धरते.

पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. असा करंडकही शेवटी याच टिकलीच्या भरवशावर असतो. खंडेनवमीला हत्यारे पुजणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.