कसाऱ्याची गाडी आणि कंपनीचा करार

कंपनीची सत्ता म्हटली की ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी आठवतात. शहापूर तालुक्यात मात्र एक कंपनी पलटणीवाचून आली. ती म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, अर्थात ‘जीआयपी’. तिचे खरे बळ एका करारात होते.

१८४९ साली पार्लमेंटच्या कायद्याने ही कंपनी स्थापन झाली आणि ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. जमीन ९९ वर्षांसाठी फुकट मिळाली. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. भागधारक विलायतेत, संचालक लंडनमध्ये आणि तोट्याचा धनी इथला रयत! व्याज ठरलेलेच असल्यावर खर्चाला आळा घालण्याची निकड कंपनीला कशी वाटावी? दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेचे हे व्याजही होते.

रूळ १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोहोचले. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीला गेली. शेजारच्या मुरबाड तालुक्यातला नाणेघाट हा सातवाहनकाळापासूनचा जुन्नर-कल्याण व्यापाराचा मार्ग. रूळ तिकडून गेले नाहीत. कोणत्या घाटाला वाहतूक मिळणार, हे ठरवताना मुरबाडकरांना विचारणारे कोणी नव्हते.

रेल्वेमुळे जंगलातले लाकूड मुंबईच्या बाजाराला जवळ आले. पुढे १८७८च्या वनकायद्याने सरकारचा जंगलावरील ताबा आवळला. ठाणे-कुलाबा भागातील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये सरकारला वनआयोग नेमावा लागला. राबासाठी फांद्या तोडणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांना जंगल परके होत गेले.

१९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली, तरी कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. मालकी गेली, अधिकार उरला.

रेल्वेने या भागाचे भलेही केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. शहापूरचे कितीतरी संसार आज लोकलवर चालतात. पण सोय कोणाला मिळाली एवढेच पाहिले, तर सत्तेचा माग लागत नाही. आज याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी जुन्या करारातला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो: नफा कोणाचा, आणि बुडाले तर भरणार कोण?