मुली जास्त प्रामाणिक असतात का?

‘हिशेबाला मुलगी बसवा, काळजी मिटेल’ असं आपण सहज बोलतो. या समजुतीला आधार किती, ते आज पाहू.

१९५८ साली लॉरेन्स कोलबर्ग यांनी शिकागो विद्यापीठात नैतिक विकासावर प्रबंध लिहिला. बायकोचा जीव वाचवायला औषध चोरावं का, अशा पेचांवर त्यांनी मतं विचारली, पण विचारली फक्त मुलग्यांना! १९८२ मध्ये कॅरोल गिलिगन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. स्त्रिया नीतीत कमी नाहीत. नियम आणि हक्कांपेक्षा त्या नाती आणि जबाबदारी यांकडून प्रश्नाला भिडतात, असं त्यांचं म्हणणं.

पुढे हा वाद व्यवस्थापनाच्या वर्गात शिरला. दोन तर्क होते. एक, फरक लहानपणच्या संस्कारांचा. दुसरा, माणूस खुर्चीप्रमाणे वागतो. मग ती खुर्ची बाईची असो की पुरुषाची. १९८९ मध्ये मायकेल बेट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २१३ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. गैर मार्ग पत्करण्याची तयारी मुलग्यांमध्ये मुलींच्या दुपटीहून जास्त दिसली. झालं, संस्कारवादी जिंकले!

पण थांबा. १९९७ मध्ये जॉर्ज फ्रँके आणि सहकाऱ्यांनी ६६ नमुन्यांतली वीस हजारांहून अधिक उत्तरं एकत्र तपासली. विद्यार्थ्यांमध्ये फरक होता. नोकरीचा अनुभव वाढला तसा तो कमी झाला. २०११ मध्ये डाल्टन आणि ऑर्टेग्रेन यांनी दाखवलं की चांगलं दिसण्याची इच्छा हिशेबात धरली, तर फरक बराचसा विरतो. म्हणजे आपण मोजलं ते कागदावरचं उत्तर, वागणं नव्हे.

माझी एक विद्यार्थिनी नोकरीला लागल्यावर भेटायला आली. म्हणाली, “सर, तुमच्या पेपरात ‘हे चूक’ लिहून मी मार्क मिळवले. परवा साहेबांनी बिलावर मागची तारीख घालायला सांगितली, आणि मी घातली.” तिला मी काय बोलणार? ‘नाही’ म्हणायला मी तिला शिकवलं होतं. ‘नाही’ म्हटल्यावर तिच्या पाठीशी उभं राहील असं त्या ऑफिसात कुणी नव्हतं.

ॲरिस्टॉटल सांगतो, सद्गुण सवयीने अंगी बाणतो. नोकरी हीसुद्धा रोजची सवयच. तेव्हा प्रामाणिकपणाचं ओझं मुलींच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे होऊ नये. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला काय करायला लावलं जातं, ते आधी विचारावं.