प्रकाशाने घडलेला रणगाडा

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील फ्लेर-कूर्सलेत येथे ब्रिटिश सैन्याने ‘मार्क-१’ हा रणगाडा प्रथमच लढाईत उतरवला. त्याची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती आम्ही अलीकडे जोडायला घेतली. तिचे भाग साच्यात ओतलेले नव्हते. द्रवरूप रेझिनचे थर एकावर एक घट्ट करून ते यंत्रावर ‘छापलेले’ होते. रेझिन वाचावे म्हणून मुख्य सांगाडा आम्ही आतून पोकळ ठेवला. छापून झाल्यावर तो धुतला, उन्हात ठेवला, रंगवला. काही आठवड्यांनी त्याला तडा गेला आणि आतून चिकट द्रव पाझरू लागला. असे का झाले, याचे उत्तर या तंत्राच्या जन्मकथेतच आहे.

हे रेझिन लहान रेणूंचे बनलेले असते. त्यात एक प्रकाशसंवेदी द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. अतिनील किंवा जांभळा प्रकाश पडताच या द्रव्याचे क्रियाशील तुकडे होतात आणि ते लहान रेणूंना साखळीने जोडू लागतात. द्रवाचे घन बहुवारिक होते. परंतु प्रकाश द्रवात शोषला जातो, त्यामुळे खोलीबरोबर त्याची तीव्रता झपाट्याने घटते आणि फक्त पातळ थर घट्ट होतो. मग थरावर थर चढवूनच वस्तू का घडवू नये?

हा विचार जपानमधील नागोया महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत काम करणाऱ्या हिदेओ कोडामा यांना सुचला. १९८० साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तर १९८१ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. लहानशा घराची प्रतिकृतीही त्यांनी अशी बनवून दाखवली. पण पेटंटची पुढील कार्यवाही मुदतीत झाली नाही व हक्क हातचा गेला.

अमेरिकेत चार्ल्स हल अतिनील दिव्यांनी लेप घट्ट करण्याच्या उद्योगात काम करीत होते. नव्या प्लॅस्टिक भागाचा एक नमुना मिळायला कित्येक आठवडे लागत, याचा त्यांना वैताग होता. ९ मार्च १९८३ रोजी त्यांनी डोळे धुण्याची एक छोटी वाटी थराथराने घडवली. ८ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या तीनच आठवडे आधी, १६ जुलैला, फ्रान्समधील तिघा संशोधकांनी असाच अर्ज केला होता. पण व्यापारी भवितव्य दिसेना म्हणून तो पुढे सोडून देण्यात आला. हल यांना १९८६ साली पेटंट मिळाले, आणि शोधक म्हणून त्यांचेच नाव रूढ झाले. १९९५ साली ब्रिटनमधील रँक पारितोषिक मात्र कोडामा व हल या दोघांना मिळून देण्यात आले.

आता आमच्या रणगाड्याकडे वळू. मूळ मार्क-१ सुमारे २.४४ मीटर उंच होता. म्हणजे प्रतिकृती सुमारे ७ सेंटिमीटर. थर ०.०५ मिलिमीटर जाडीचा धरला तर १४०० थर होतात. एका थराला १० सेकंद धरले, तरी जवळजवळ चार तास लागतात. आम्ही पोकळीला भोक ठेवले नव्हते. त्यामुळे आत द्रव रेझिन अडकून राहिले. बाहेरचे ऊन भिंतीतच शोषले गेले आणि आतला द्रव तसाच राहिला. त्याच्या दाबाने भिंतीला तडा गेला. ज्या मर्यादेतून हे तंत्र निघाले, तीच आम्ही विसरलो होतो.

वर्गात हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना एक कळकळीची सूचना. द्रव रेझिनमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे व चष्मा घालावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुलांना द्रव हाताळू देऊ नये. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये. उन्हात पूर्ण घट्ट करून मगच टाकावे.

प्रतिकृती तयार झाली की मुलांना एक गणित घालावे. तोफांसह मूळ रणगाडा सुमारे २८ टनांचा होता. लांबी ३५ पटींनी घटली, तर वजन किती पटींनी घटेल? पुष्कळ मुले ३५ म्हणतील. खरे उत्तर ३५ चा घन, म्हणजे ४२,८७५. हुबेहूब त्याच धातूची प्रतिकृती केली, तर ती जेमतेम ६५० ग्रॅम भरेल. शिवाय हेही सांगावे, की त्या २८ टनांत तापलेल्या इंजिनाशेजारी आठ माणसे कोंडलेली असत. १:३५ प्रमाणात त्यातला प्रत्येक जण पाच सेंटिमीटरचा होतो. टेबलावरचे खेळणे पाहताना ती आठ माणसे मुलांच्या ध्यानात राहावीत, एवढीच आमची इच्छा.