गांवचीं झाडें आणि कायदा

कोंकणांतील परसांत आंबा लावतो आजा आणि त्याचीं फळें खातो नातू. अशा झाडावर अखेर हक्क कोणाचा, आणि तें तोडावयाचें झाल्यास विचारावयाचें कोणास, हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत, आरमाराच्या प्रकरणांत, या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. गलबतें बांधावयाचीं म्हणजे मोठें लांकूड हवें. त्यासाठीं राज्यांतील अरण्यांतून सागवानासारखें लांकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. आणखी लागेल तें परमुलखांतून खरेदी करावें, असें तेथें सांगितलें आहे. आंबा व फणस यांचें लांकूडही आरमारास उपयोगी. पण त्या झाडांस हात लावूं नये. कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या पोरांसारखीं वाढविलेलीं असतात; तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पारावार राहत नाहीं. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. जुलूम करूं नये. ज्या राज्यास आरमाराची निकड होती, त्यानेंच स्वतःच्या अंमलदारांस ही मर्यादा घालून दिली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

इंग्रजी अमदानींत चित्र पालटलें. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली आणि पुढें रुळांखालच्या लांकडी स्लीपरांसाठीं जंगलें भराभर तुटूं लागलीं. त्यांस आळा घालण्यास १८६४ सालीं जंगलखातें निघालें, १८६५ सालीं पहिला कायदा झाला आणि १८७८ सालीं त्याहून कडक असा दुसरा. राखीव जंगलांत गुरें चारणें किंवा मोळी तोडणें हा परवानगीवांचून अपराध ठरला. ग्रामवनाची तरतूद कायद्यांत होती. ती बहुधा कागदावरच राहिली. जंगल राखण्याचा हेतु योग्य होता. परंतु गांवाची संमति विचारण्याची रीत मात्र लोपली. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत या खात्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांचें चरण बंद झाल्याचें गाऱ्हाणें मांडलें. १९३० सालीं जंगल सत्याग्रह झाला, आणि २५ सप्टेंबर रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें गोळीबार होऊन माणसें प्राणांस मुकलीं.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें १९६४ सालीं वृक्षतोडीचें नियमन करणारा कायदा केला. परवानगीवांचून तोडूं नयेत अशा झाडांच्या त्याच्या यादींत आंबा व फणस पुन्हां आले. मात्र आतां ही परवानगी खुद्द मालकासच अधिकाऱ्याकडे मागावी लागते. आज्ञापत्रांत बंधन होतें तें सरकारी माणसावर. येथें तें झाडाच्या धन्यावर आलें.

गांवाचा शब्द कायद्यांत परत आला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं तेथील बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला.

कायदा कुऱ्हाड अडवूं शकतो. रोपास पाणी घालणारा हात त्याला निर्माण करतां येत नाहीं. त्या हाताचा संतोष राखावा, एवढें शहाणपण आज्ञापत्रांत तीनशें वर्षांपूर्वींच लिहून ठेवलेलें आहे.