१२८ वाद्यांत संबळ नव्हतं

देवळ्याच्या घरात माळा आवरताना काकांच्या फ्लॉप्यांचा डबा सापडला. काका लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. २०१९ मध्ये ते गेले. फ्लॉप्यांत त्यांनी स्वतः वाजवून भरलेल्या मिडी फाइल होत्या, एकेक जेमतेम ३० केबीची. एक लॅपटॉपवर लावली. शेजारी नाना, म्हणजे माझे आजोबा, बसले होते. त्यांचं आयुष्य संबळ वाजवण्यात गेलेलं. ऐकून ते म्हणाले, "हाई संबळ नही शे."

खरंच नव्हतं. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच; कोणता स्वर, कधी आणि किती जोरात वाजवायचा, एवढ्या सूचना असतात. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जोडता यावीत म्हणून अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं १९८३ मध्ये ही भाषा ठरली. पुढे १९९१ मध्ये 'जनरल मिडी' ही १२८ आवाजांची यादी आली. तिच्यात १०५व्या क्रमांकावर सतार आहे, ११२व्या क्रमांकावर सनईसुद्धा आहे. तालवाद्यांसाठी वेगळे ४७ आवाज आहेत. त्यांत बोंगो आहे, कोंगा आहे. तबला, ढोलकी, संबळ नाही. काकांनी नाइलाजानं बोंगोवर भागवलं होतं.

यावर उपाय होता सँपलिंगचा: खऱ्या वाद्याचा एकेक आघात रेकॉर्ड करायचा आणि फाइलमधल्या सूचनेवर तोच वाजवायचा. १९७९ च्या ऑस्ट्रेलियन 'फेअरलाइट'मध्ये ही सोय होती, पण ते यंत्र सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरचं. १९९४ मध्ये साउंड ब्लास्टरच्या एका कार्डामुळे 'साउंडफाँट' घरच्या कॉम्प्युटरवर आले. १९९९ पासून स्टाइनबर्गच्या व्हीएसटीमुळे अख्खं वाद्यच सॉफ्टवेअर म्हणून मिळू लागलं. आज असे सँपलर फुकटही मिळतात.

नानांचा हात आता थरथरतो. ठेका धरता येत नाही. पण सँपलिंगला ठेका लागतच नाही, सुटा ठोका पुरतो. मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावल्या, मोबाइल ठेवला. लहान तोंडावर सरळ काडी, मोठ्यावर बाकदार काडी. हलका, मध्यम, जोराचा ठोका. मध्ये चहा.

संध्याकाळी काकांची फाइल पुन्हा लावली. नानांनी मान हलवली: यंत्र वाजतंय. बरोबर होतं. प्रत्येक वेळी तोच ठोका हुबेहूब परत येत होता, आणि माणसाचा हात दोनदा सारखा पडत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठोका चार-चारदा घेतला आणि ते आळीपाळीनं वाजतील असं लावलं.

फाइलमधलं एक अक्षरही मी बदललं नाही. ठेका काकांनी पट्ट्यांवर वाजवलेला, त्यांच्या बोटांच्या वजनासकट, ठोके नानांचे. दोघं एकत्र कधी रेकॉर्ड झाले नव्हते.

नाना शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो तिसऱ्या फेरीला नेहमी घाई करायचा."