कोंबडीचे खाद्य, प्रतिजैविके आणि यीस्ट

१९५० साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी कोंबड्यांवरील एका प्रयोगाची हकीकत जाहीर केली. या दोन घटनांचा तेव्हा काहीच संबंध नव्हता.

ज्यूक्स लेडर्ली प्रयोगशाळेत काम करीत. (आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव तेथेच संशोधनप्रमुख होते, आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्याच कारकिर्दीत हाती आले.) पिल्लांच्या वाढीला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व स्वस्तात कशातून मिळेल, याचा शोध चालू होता. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना चारला. पिल्ले वाढली, पण बी-१२ ने वाढावीत त्याहून अधिक! चोथ्यात थोडे औषध शिल्लक राहिले होते. पुढे असेही दिसले, की पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांवर अशा औषधाचा परिणाम होत नाही. म्हणजे औषध कोंबडीला पोसत नव्हते, तिच्या आतड्यातील जिवाणूंना आवरत होते.

खाद्यात चिमूटभर औषध घालण्याची प्रथा जगभर पसरली. वास्तविक १९५१ सालीच, स्ट्रेप्टोमायसिन चारलेल्या टर्की पक्ष्यांत त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू आढळले होते. तरी ब्रिटनच्या स्वान समितीचा इशारा यायला १९६९ उजाडले. वाढीसाठीच्या वापरावर स्वीडनने १९८६ साली बंदी घातली, युरोपीय संघाने २००६ साली.

मग औषधाऐवजी काय? आम्हांला या इतिहासातील सर्वांत सुंदर प्रयोग फिनलंडमधील नुर्मी आणि रांताला यांचा वाटतो. गावठी कोंबडीचे पिल्लू आईमागे उकिरडा उकरते आणि तिच्या आतड्यातील जिवाणू आपोआप मिळवते. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचे आतडे रिकाम्या घरासारखे असते, आणि त्यात साल्मोनेला सहज शिरतो. नुर्मी व रांताला यांनी अशा पिल्लांना प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू पाजले. घर आधीच भरल्यामुळे साल्मोनेलाला जागा उरली नाही. हे १९७३ सालचे काम.

चांगले भाडेकरू ठेवायचे तर त्यांच्या जेवणाची सोय हवी. कोंबडीला पचत नाही, पण उपयुक्त जिवाणूंना पोसते, अशा अन्नाला १९९५ साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. चिकोरीच्या मुळातील इन्युलिन हे त्याचे ठळक उदाहरण. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील मॅनन-शर्करा याच गटात मोजतात, पण तिची युक्ती निराळी आहे. साल्मोनेला आपल्या केसासारख्या तंतूंनी आतड्याच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला चिकटतो. तीच शर्करा खाद्यातून पुढे केली, की तो तिलाच धरून बसतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो.

येथे प्रवरेचा धागा जुळतो. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क बनवणारे यीस्ट आणि हे यीस्ट एकाच जातीचे आहे. आसवनीत त्याचा बराच भाग सांडपाण्याबरोबर जातो. मात्र तो गाळ वाळवून कोंबड्यांना घालावा असे कोणी समजू नये; पेशी धुऊन, फोडून, भित्तिका वेगळी करावी लागते. शिवाय प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये फरक थोडाच दिसतो. औषधाची जागा ही शर्करा एकटी भरून काढील, असे आम्हांला वाटत नाही.

तरी निकड आहेच. इतर औषधे थकल्यावर माणसासाठी जे कोलिस्टिन उरते, तेही कोंबड्यांना चारले जाई. त्याला दाद न देणारे, जिवाणूकडून जिवाणूकडे जाणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. कराराने ब्रॉयलर पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीच पाठवते. पोत्यात काय मिसळायचे हे तो ठरवीत नाही.