तळटीप : साते आयाम

१. साते आयाम : काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे. जावाशेजारच्या मादुरा बेटावरचे फेरीवाले यासाठी इंडोनेशियाभर प्रसिद्ध आहेत. लेखिका ज्याला नुसते ‘गोड सॉस’ म्हणते तो केचाप मानिस, म्हणजे ताडगूळ घातलेला दाट, काळा सोया सॉस. टोमॅटो केचप त्याच्या जागी मुळीच चालणार नाही. घरी साध्या सोया सॉसमध्ये गूळ घालून आटवावा, काम भागते. सोबतच्या शेंगदाण्याच्या सॉससाठी शेंगदाणे तळून लसूण-मिरचीबरोबर वाटावेत आणि पाणी घालून मंद आचेवर शिजवावेत. कडेने तेल सुटले की झाले. मांस मांडीचे घ्यावे, छातीचे कोरडे पडते. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवाव्यात, नाहीतर मांसाआधी त्याच जळतात. वरून लिंबू आणि चिरलेला कच्चा कांदा हवाच. — संपा.